रांगेची मर्यादा

दिवाळी आटोपून शेतांतील कापूस घरीं येऊं लागला, म्हणजे आमच्या वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाट, वर्धा, पुलगांव, आर्वी येथील बाजारांच्या वाटा कापसाच्या गाड्यांनीं भरून जातात. पूर्वीं नुसत्या बैलबंड्या असत. आतां ट्रॅक्टर व मालमोटारीहि असतात. रांग मात्र तीच आहे. वजनकाट्यावर एका वेळीं एकच गाडी चढते, आणि बाकीच्यांना पाळी येईपर्यंत थांबावें लागतें. विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कित्येकांनीं वडिलांबरोबर अशा रांगेंत रात्र काढली असेल. ही रांग इतकी लांब कां, आणि ती लहान करण्यास उपाय काय, हा प्रश्न गाडीवर पडल्या पडल्या तुमच्या मनांत आलाच असेल.

हाच प्रश्न संगणकाच्या पोटांतहि दर क्षणीं उत्पन्न होत असतो. तेथें कापसाच्या गाड्या नसतात, माहितीचीं पाकिटें असतात. आणि वजनकाट्याच्या जागीं जाळ्याची तार जोडण्याचें नेटवर्क कार्ड असतें. या पाकिटांची रांग कशी लावावी, कोठें थांबवावी आणि पुन्हां केव्हां सुरू करावी, याची ओळख करून देण्याचें आम्ही योजिलें आहे. विषय नवा आहे खरा. पण ज्यानें कापसाच्या बाजारांतील रांग पाहिली आहे त्याला तो अवघड जाणार नाहीं.

प्रथम पाकीट म्हणजे काय तें पाहूं. पुण्यास शिकत असलेल्या भावाला तुम्ही एखादें छायाचित्र पाठवितां, तेव्हां तें अखंड जात नाहीं. त्याचे लहान लहान तुकडे करण्यांत येतात, आणि तो कोठून निघाला व कोठें जावयाचा याची नोंद प्रत्येक तुकड्यावर लिहिण्यांत येते. इंग्रजींत अशा तुकड्याला पॅकेट म्हणतात. आपल्याकडे टपालामुळें पाकीट हा शब्द रुळलेलाच आहे, तेव्हां आम्ही तोच वापरूं. अमेरिकेंतील रॉबर्ट मेटकाफ यांनीं १९७३ सालीं ईथरनेट नांवाच्या पद्धतीची कल्पना मांडली. आज शाळा व कचेऱ्या यांतील तारेनें जोडलेले संगणक बहुधा याच पद्धतीनें जोडलेले असतात. तिच्या एका पाकिटांत साधारणपणें १५०० बाइटांपर्यंत मजकूर मावतो. एक बाइट म्हणजे ८ बिट. म्हणून पूर्ण भरलेलें पाकीट १२,००० बिटांचें झालें. हा आंकडा ध्यानांत ठेवावा, कारण पुढील हिशेबांत त्याचें काम पडणार आहे. आपल्या देशांत शिक्षणसंस्थांना जोडणाऱ्या अर्नेट या जाळ्याचा आरंभ १९८६ सालीं झाला. पवई येथील आय. आय. टी. ही त्यांतील पहिल्या संस्थांपैकीं एक होय. सर्वसामान्य लोकांना इंटरनेट मिळूं लागलें तें १५ ऑगस्ट १९९५ पासून.

आतां पाकिटें पाठविण्याच्या कामांत कोण कोण असतें तें पाहूं. संगणकांतील सर्व कामांवर देखरेख करणारा एक मुख्य कारभारी प्रोग्राम असतो. पाकिटें तयार होऊन त्याच्याकडे येतात. प्रत्यक्ष तारेवर तीं सोडण्याचें काम कार्डाचें. पण कार्डें नाना कारखान्यांचीं, आणि प्रत्येकाची भाषा निराळी. म्हणून कारभारी आणि कार्ड यांच्यामध्यें एक दुभाषी ठेवलेला असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. बाजाराच्या आवारांतील दोन माणसांचीं कामें हा एकटा करतो. एक काम फाटकावरील राखणदाराचें, म्हणजे आलेल्या गाड्यांना आंत घेऊन जागा दाखविण्याचें. दुसरें काम काट्यावरील मापाऱ्याचें, म्हणजे ज्या गाडीचें वजन झालें तिची नोंद करून जागा मोकळी करण्याचें. हीं दोन्हीं कामें ड्रायव्हरचे जणूं दोन हात आहेत, आणि ते पुष्कळदा एकाच वेळीं चालूं असतात. या गोष्टीचा परिणाम काय होतो तें लवकरच दिसेल.

पाकिटें कार्डापुढें मांडण्यासाठीं स्मरणांत एक वर्तुळाकार कडें राखलेलें असतें. विहिरीवरचें रहाटगाडगें डोळ्यांपुढें आणावें. गाडगीं खालीं भरतात, वर रितीं होतात, आणि तींच पुन्हां भरण्यास खालीं जातात. कड्याचे खणहि तसेच. अनेक कार्डांच्या कड्यांत २५६ खण असतात. त्यांस ० पासून २५५ पर्यंत क्रमांक दिलेले असतात, आणि २५५ च्या पुढचा खण पुन्हां ० असतो. खणांत सबंध पाकीट ठेवीत नाहींत. पाकीट स्मरणांत कोठें आहे व किती लांब आहे एवढी चिठ्ठीच ठेवतात. ड्रायव्हर चिठ्ठी ठेवून कार्डाला इशारा करतो. कार्ड चिठ्ठी वाचून पाकीट स्वतः उचलतें, तारेवर सोडतें, आणि काम झाल्याची खूण करतें. ती खूण पाहून ड्रायव्हर खण मोकळा करतो.

कड्यावर दोन खुणा संभाळाव्या लागतात: पुढची चिठ्ठी कोठें ठेवावयाची ही एक, आणि कोठपर्यंतचे खण मोकळे झाले ही दुसरी. येथें चतुर विद्यार्थी विचारील कीं, दोन्हीं खुणा एकाच खणावर आल्या तर कडें रिकामें समजावें कीं भरलेलें? शंका रास्त आहे, कारण दोन्हीं प्रसंगीं खुणा एकत्रच येतात. यावर एक साधी तोड काढलेली आहे. एक खण नेहमीं रिकामा सोडावा. मग खुणा एकत्र आल्या तर कडें रिकामें, आणि भरण्याची खूण दुसरीच्या एकच घर मागें असली तर कडें भरलें, असें निःसंदेह ठरतें. एका खणाचा तोटा सोसून सर्व संदेह मिटला.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. कारभारी पाकिटें फार वेगानें देऊं शकतो. तार मात्र आपल्याच गतीनें चालते. तेव्हां कडें भरणारच. भरल्यावर काय करावें? आलेलें पाकीट टाकून द्यावें, तर पाठविणाऱ्याला तें पुन्हां पाठवावें लागेल. तूर्त परत न्या असें दर पाकिटागणिक म्हणावें, तर कारभारी तेंच पाकीट पुन्हां पुन्हां आणील आणि दोघांचाहि वेळ फुकट जाईल. म्हणून राखणदार जसें फाटकावर लाल निशाण लावतो, तसें ड्रायव्हर कारभाऱ्याला सांगतो, "आतां थांबा; जागा झाली म्हणजे मी कळवीन." निशाण दिसतांच कारभारी पाकिटें आपल्याकडेच राखून ठेवतो.

हें निशाण कडें पूर्ण भरण्याची वाट न पाहतां लावावें लागतें. एखाद्या मोठ्या पाकिटाचा मजकूर स्मरणांत चार-पांच ठिकाणीं विखुरलेला असतो, आणि त्याला तितकेच खण लागतात. फाटकांतून आंत घेतलेल्या मालमोटारीला जागा पुरत नाहीं असें मागाहून कळून काय उपयोग? म्हणून सर्वांत मोठें पाकीट मावण्याइतकी जागा शिल्लक नसेल, तर आधींच थांबविणें हा शहाणा नियम होय. त्याचप्रमाणें, एक खण मोकळा झाला कीं लगेच निशाण उतरवूं नये. नाहीं तर एक पाकीट येतें, पुन्हां निशाण. एक जातें, पुन्हां उतरवा. असा खेळ होऊन बसतो. बरीचशी जागा मोकळी झाल्यावर एकदांच बोलवावें.

येथवर सर्व सरळ आहे. पण या निशाणांतच एक असा धोका दडलेला आहे, कीं अनुभवी ड्रायव्हर-लेखकहि त्यांत फसले आहेत. तो नीट समजून घ्यावा. कल्पना करा कीं, राखणदारानें आवारांतील गाड्या मोजल्या; आवार भरलें होतें. म्हणून तो निशाण आणण्यास खोपटांत गेला. तेवढ्यांत मापाऱ्यानें भराभर काम उरकून आवार मोकळें केलें. मापाऱ्याला हुकूम असा, कीं जागा झाली म्हणजे फाटकाकडे पाहावें आणि निशाण लागलेलें असल्यास उतरवावें. त्यानें पाहिलें; निशाण नव्हतें. कारण राखणदार अजून खोपटांतच होता. तेव्हां करण्यासारखें कांहीं नाहीं असें समजून मापारी स्वस्थ बसला. इतक्यांत राखणदारानें येऊन निशाण लावलें, आणि तोहि स्वस्थ बसला. कारण उतरविणें हें त्याचें काम नव्हे.

आतां स्थिति काय झाली पाहा. आवार रिकामें आहे. काटा रिकामा आहे. बाहेर रस्त्यावर गाड्यांची रांग लागली आहे, आणि निशाण कायमचें लागलेलें आहे. वजनास गाडीच नाहीं, म्हणून मापारी फाटकाकडे पुन्हां कधींहि पाहणार नाहीं. दोघांनींहि आपापलें काम चोख केलें, आणि तरीहि सर्व बाजार बंद पडला! संगणकांत असें झालें म्हणजे कार्ड धडधाकट, तार शाबूत, आणि तरी एकहि पाकीट बाहेर जात नाहीं. दोष शोधणारा माणूस तार हालवून पाहतो, कार्ड बदलून पाहतो; पण दोष वस्तूंत नसतो. तो दोन कामांच्या क्रमांत असतो, आणि शेंकडों वेळां सर्व सुरळीत चालून एखाद्याच वेळीं उघडकीस येतो. म्हणूनच तो सांपडणें कठीण.

यावर उपाय अगदीं लहान आहे. राखणदारानें निशाण लावल्यानंतर मागें वळून आवाराकडे पुन्हां एकदां पाहावें. जागा दिसली तर आपणच निशाण उतरवावें. मापाऱ्यानेंहि क्रम संभाळावा: आधीं जागा मोकळी करावी आणि मगच निशाणाकडे पाहावें. असें केलें म्हणजे दोघांपैकीं एकाच्या तरी नजरेस खरी स्थिति पडतेच. संगणकांत आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. आजचे प्रोसेसर वेग वाढविण्यासाठीं लिहिण्यावाचण्याचा क्रम स्वतःच मागेंपुढें करतात. म्हणून "येथील क्रम मोडूं नये" अशी विशेष आज्ञा दोन कामांच्या मध्यें घालावी लागते.

इतकें करूनहि चूक राहिलीच तर? त्यासाठीं लिनक्स नांवाच्या प्रसिद्ध कारभारी प्रोग्रामांत एक पहारेकरी ठेवलेला आहे. निशाण लागून बराच वेळ झाला, पाकिटें अडकून पडलीं, तर तो ओरड करतो आणि ड्रायव्हरला कार्ड नव्यानें सुरू करण्यास लावतो. ड्रायव्हरनें निराळी मुदत न सांगितल्यास तो ५ सेकंद वाट पाहतो. पहारेकरी असणें चांगलें; पण त्याच्या भरंवशावर राखणदारानें निष्काळजी होऊं नये.

आतां काम झाल्याची वर्दी किती वेळां द्यावी, हा प्रश्न घेऊं. कार्ड ही वर्दी ज्या इशाऱ्यानें देतें त्याला इंटरप्ट म्हणतात. इंटरप्ट आला म्हणजे प्रोसेसरला हातचें काम टाकून धांवावें लागतें. या बाबतींत आपल्या जिल्ह्याच्याच इतिहासांतील एक गोष्ट आठवते. महात्मा गांधी १९३६ सालीं वर्ध्याजवळील सेगांव या खेड्यांत राहावयास गेले. १९४० सालीं त्या गांवाला सेवाग्राम हें नांव मिळालें. त्यांचे चिटणीस महादेवभाई देसाई पूर्वीं वर्ध्यास मगनवाडींत राहात, आणि कामाचे कागद घेऊन सुमारें पांच मैलांची वाट चालून सेगांवास जात व पुन्हां परत येत. विदर्भाच्या उन्हाळ्यांतहि हा क्रम चाले. समजा, अशा वाटेवरील माणसानें एक एक पत्र तयार होतांच तें घेऊन निघावयाचें ठरविलें, तर त्याचा सारा दिवस चालण्यांतच जाईल. उलट, पिशवी गच्च भरल्यावांचून निघावयाचें नाहीं असें ठरविलें, तर ज्या दिवशीं पत्रें थोडीं त्या दिवशीं महत्त्वाचें पत्रहि पडून राहील. म्हणून शहाणा नियम असा, कीं ठराविक पत्रें जमलीं किंवा ठराविक वेळ झाली, यांपैकीं जें आधीं घडेल तेव्हां निघावें. कार्डेंहि हाच नियम पाळतात. अमुक पाकिटें गेलीं किंवा अमुक मायक्रोसेकंद झाले, कीं एकच इंटरप्ट देऊन सर्व पाकिटांची वर्दी एकदम देतात.

आतां पालकवर्गानेंहि लक्ष द्यावें अशा भागाकडे आलों. कित्येकांना वाटेल, कीं एवढी निशाणांची यातायात कशाला? कडें व रांग खूप मोठी केली म्हणजे झालें. कोणालाहि थांबविण्याची किंवा पाकीट टाकण्याची पाळीच येणार नाहीं. हा विचार दिसण्यांत उदार आहे, पण खोटा आहे. बाजाराचा हिशेब करून पाहा. काट्यावर तासाला २० गाड्या मोजल्या जातात, आणि आवारांत ४० गाड्या उभ्या आहेत, तर नव्या गाडीला २ तास थांबावें लागेल. आवार वाढवून त्यांत २०० गाड्या घेतल्या, तर १० तास. काट्याची गति तर वाढली नाहींच. फक्त बाहेरचा खोळंबा आंत आला. सरासरी थांबा म्हणजे रांगेंतील संख्या भागिलें कामाचा दर, हा संबंध अमेरिकेंतील जॉन लिटल यांनीं १९६१ सालीं गणितानें सिद्ध केला. रांगांचें शास्त्र त्याहूनहि जुनें आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनींतील आग्नर एरलांग यांनीं १९०९ सालीं त्यावर पहिला निबंध लिहिला.

हाच हिशेब पाकिटांस लावूं. घरची तार सेकंदाला १ कोटि बिट वाहून नेते असें धरा. १२,००० बिटांच्या एका पाकिटाला १.२ मिलिसेकंद लागतात. लिनक्समध्यें कारभाऱ्याच्या रांगेची नेहमींची लांबी १००० पाकिटें असे. ती पूर्ण भरली असतां शेवटच्या पाकिटाला १.२ सेकंद थांबावें लागेल. उलट, तार सेकंदाला १०० कोटि बिट नेणारी असली, तर तीच रांग १२ मिलिसेकंदांत संपेल. म्हणजे एका तारेला शोभणारी रांग दुसरीला घातक ठरते. टेलिफोनवरील संभाषण सुखानें चालावें, तर एका बाजूनें होणारा विलंब १५० मिलिसेकंदांहून अधिक नसावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. १.२ सेकंद म्हणजे तिच्या आठपट! समजा, दूरच्या खेड्यांतून एखादी परिचारिका रोग्याची स्थिति डॉक्टरांना बोलून सांगत आहे, आणि त्याच तारेवरून शेजारच्या खोलींत कोणी लग्नाचीं चित्रें पाठवीत आहे. परिचारिकेच्या आवाजाचीं पाकिटें इवलालीं आहेत; पण तीं हजार मोठ्या पाकिटांच्या मागें उभीं आहेत. तिचा प्रश्न डॉक्टरांना सेकंदभर उशिरां ऐकूं येतो, दोघेहि एकदमच बोलूं लागतात, आणि शेवटीं "जाळें खराब आहे" म्हणून संभाषण तुटतें. जाळें खराब नव्हतें. रांग अवाजवी होती.

ही गोष्ट जगाला सहजासहजीं कळली नाहीं. १९८५ सालीं जॉन नेगल यांनीं दाखवून दिलें, कीं पाकिटें साठविण्यास अमर्याद जागा मिळाली तरी जाळ्याची कोंडी सुटत नाहीं. पाकिटें रांगेंतच जुनीं होऊन निरुपयोगी होतात. पुढच्याच वर्षीं ऑक्टोबरांत कॅलिफोर्नियांतील बर्कले येथें अवघ्या ४०० यार्डांवरील दोन ठिकाणांमधील जाळ्याची गति सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आली. उत्तर उशिरां आलें म्हणून पाठविणारे तींच पाकिटें पुन्हां पुन्हां पाठवीत, आणि त्यामुळें कोंडी अधिकच वाढे. व्हॅन जेकबसन यांनीं याचा अभ्यास करून १९८८ सालीं उपाय प्रसिद्ध केला. पाकीट हरवलें, कीं वाट भरली आहे असें समजून पाठविणाऱ्यानें आपला वेग कमी करावा, हें त्याचें सार होय. पण या उपायालाहि अति लांब रांग मारक ठरते. रांग लांब असली म्हणजे पाकीट हरवत नाहीं, नुसतें खोळंबतें. त्यामुळें हात आंखडण्याची सूचना पाठविणाऱ्याला वेळेवर मिळतच नाहीं. २०१० सालीं जिम गेटिस यांना घरून मोठी फाइल पाठवितांना सेकंदाहून अधिक विलंब आढळला. शोध घेतां घेतां हाच दोष घराघरांतील यंत्रांत असल्याचें त्यांच्या ध्यानांत आलें, आणि त्यांनीं त्याला "बफरब्लोट" म्हणजे सांठवणीची सूज असें नांव दिलें.

मग रांग किती असावी? आमच्या मतें याचें उत्तर एका वाक्यांत सांगतां येतें: काम करणारा रिकामा बसूं नये इतकी, आणि त्याहून अधिक नाहीं. काट्यावरची गाडी उतरतांच दुसरी हजर असावी, एवढ्यापुरतीच रांग हवी. २०१२ सालीं लिनक्समध्यें टॉम हर्बर्ट यांनीं केलेली एक योजना याच तत्त्वावर चालते. ती खणांची संख्या मोजीत नाहीं, कार्डाकडे दिलेले बाइट मोजते. कारण मोठें पाकीट आणि लहान पाकीट यांना लागणारा वेळ सारखा नसतो. मर्यादेमुळें कार्ड उपाशीं राहिलें असें दिसलें, तर ती मर्यादा थोडी वाढविते. नेहमींच कांहीं शिल्लक राहतें असें दिसलें, तर ती कमी करते. जें पाकीट कार्डाच्या स्वाधीन झालें तें परत घेतां येत नाहीं. कारभाऱ्याजवळच्या पाकिटांत मात्र निवड करतां येते. म्हणून कार्डापुढील रांग आंखूड ठेवणें विशेष अगत्याचें.

त्याच वर्षीं कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनीं कारभाऱ्याच्या रांगेसाठींहि उपाय सुचविला. त्यांनीं लांबी न मोजतां पाकिटाला प्रत्यक्ष किती वेळ थांबावें लागलें तें मोजलें. हा थांबा १०० मिलिसेकंदांच्या अवधींत एकदांहि ५ मिलिसेकंदांच्या खालीं आला नाहीं, तर रांग निष्कारण साचली आहे असें समजावें आणि एखादें पाकीट टाकून पाठविणाऱ्याला सावध करावें. याला जोड म्हणून प्रत्येक संभाषणाची रांग निराळी ठेवून पाळीपाळीनें एकेकींतून पाकिटें घेण्याची पद्धतहि आहे. ती कल्पना मूळची नेगल यांचीच. त्यामुळें परिचारिकेच्या चार इवल्या पाकिटांना हजार मोठ्यांच्या मागें तिष्ठावें लागत नाहीं, आणि चित्रें पाठविणाऱ्याचेंहि फारसें नुकसान होत नाहीं.

पालकांना येथें एक व्यवहाराची सूचना करावीशी वाटते. मुलाचा पाठ किंवा आप्तांचें बोलणें मध्येंच अडखळूं लागलें, कीं आपण अधिक वेगाची व अधिक पैशांची जोडणी घेण्यास धांवतों. त्यापूर्वीं एक प्रयोग करून पाहावा. घरांत दुसरें कांहीं चालूं नसतांना बोलून पाहावें, आणि मग मोठी फाइल पाठवीत असतांना बोलून पाहावें. पहिलें बोलणें स्वच्छ आणि दुसरें अडखळतें असेल, तर दोष बहुधा रांगेचा आहे. घरच्या राउटरमध्यें रांग आंखूड ठेवण्याची सोय असल्यास ती सुरू करावी. नसल्यास जड फाइली रात्रीं पाठवाव्या. याला एक पैहि पडत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कोणी पुढें असे प्रोग्राम लिहील, तर कोणी बाजाराच्या, दवाखान्याच्या किंवा कचेरीच्या फाटकावर उभा राहील. दोन्हीं ठिकाणीं नियम एकच. जितकें काम उरकेल तितक्यांनाच आंत घ्या. ज्याला "थांबा" म्हणालां त्याला "या" म्हणण्याची जबाबदारीहि तुमचीच आहे. ती दुसऱ्यावर सोंपवून स्वस्थ बसूं नका. आणि निशाण लावल्यावर एकदां मागें वळून पाहावयास विसरूं नका.

सोडविण्यासाठीं उदाहरणें

(१) एका कड्याला ० ते ६३ असे ६४ खण आहेत. पुढची चिठ्ठी ६१ व्या क्रमांकाच्या खणांत ठेवावयाची आहे. पांच चिठ्ठ्या ठेवल्यावर भरण्याची खूण कोणत्या क्रमांकावर येईल?

(२) तार सेकंदाला २० लक्ष बिट नेते. रांगेंत १२,००० बिटांचीं १०० पाकिटें आहेत. तीं सर्व जाण्यास किती वेळ लागेल?

(३) तार सेकंदाला १ कोटि बिट नेते. रांगेंतील थांबा ५ मिलिसेकंदांहून अधिक होऊं द्यावयाचा नाहीं. पूर्ण भरलेलीं जास्तींत जास्त किती पाकिटें रांगेंत असावीं?

उत्तरें: (१) २, (२) ०.६ सेकंद; (३) ४.